केबलचा बॉक्स टीव्हीला कशाने जोडावा? वायर, सेटिंग, पिन: इंदूरकरांनो, सांगा

रामबागकर

नमस्कार मंडळी. ४३ इंची ४के टीव्ही घेतला आहे. बॉक्स केबलचाच, मागे एचडीएमआयची जागा आहे, पण जोडून देणाऱ्याने पिवळी-लाल-पांढरी वायर लावली आणि "मोठ्या टीव्हीवर केबल अशीच दिसते" म्हणाला. चेहऱ्यांच्या कडा पुसट आहेत, खालची बातम्यांची पट्टी अर्धी कापलेली, आणि माणसं आहेत त्यापेक्षा रुंद दिसतात. आतल्या खोलीत ३२ इंची एचडी रेडी टीव्ही आणि वर आई-बाबांकडे जुना ट्यूबवाला टीव्ही आहे. तिन्हींचे बॉक्स वेगळे, पण लाइन एकच, गच्चीवरून स्प्लिटर लावून खाली आणलेली. काही चॅनल मधूनच अटकतात, चौकटी-चौकटी होतात. नक्की काय बदलायचं आणि कुठून सुरुवात करायची?

पंचाहत्तर_ओहम

आधी पिवळी वायर काढा. कारणही समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी "अशीच दिसते" हे कुणी पटवू शकणार नाही.

पिवळ्या वायरीतून कंपोझिट व्हिडिओ जातो. उजेड-अंधार आणि रंग ही दोन्ही माहिती एकाच तारेत मिसळलेली असते. आपल्याकडच्या पाल या ॲनालॉग रंगपद्धतीत रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो आणि टीव्हीला तो पुन्हा वेगळा काढावा लागतो. हे वेगळं करणं कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. मालिकेत बारीक चौकटीचा शर्ट किंवा जरीच्या काठाची साडी आली की काठावर रंगीत तरंग हलताना दिसतात आणि गडद लाल पदराच्या कडेने बारीक ठिपक्यांची ओळ सरकत राहते. चॅनलवर यातलं काहीच नसतं, हा सगळा त्या एका तारेचा परिणाम.

दुसरं म्हणजे या वायरीतून फार तर ५७६ ओळी जातात. एचडी चॅनल १०८० ओळींचं असलं तरी बॉक्स ते आधी ५७६ वर उतरवतो, मग ॲनालॉग करतो, टीव्ही ते परत डिजिटल करतो आणि तुमच्या पडद्याच्या २१६० ओळींवर ताणतो. पुसट कडा तिथूनच येतात. एचडीएमआयमध्ये बॉक्समधलं चित्र आकड्यांच्या रूपातच टीव्हीपर्यंत पोचतं. आवाजही त्यातूनच जातो, म्हणून लाल-पांढरीची गरज उरत नाही.

जोडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद केलेलं चालत नाही. बॉक्सला येणारी केबलची पिनही तेवढ्यापुरती सोडवा. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्सच्या पत्र्यावर थोडा गळतीचा करंट असतो, आणि बाहेरून येणाऱ्या केबलच्या जाळीवर टीव्हीपेक्षा वेगळा व्होल्टेज असू शकतो. टेस्टर लावला तर मंद पेटतोही. चालू स्थितीत एचडीएमआय खुपसलं की तो फरक बारीक पिनांमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो. टीव्ही दुरुस्तीत याचा अर्थ बहुतेक वेळा मदरबोर्ड.

क्रम असा ठेवा: सगळं बंद, एचडीएमआय दोन्हीकडे पूर्ण बसवा, मग केबलची पिन, मग प्लग. टीव्ही आधी चालू करून रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुटमधून तोच एचडीएमआय क्रमांक निवडा, त्यानंतर बॉक्स चालू करा. टीव्हीवर एआरसी लिहिलेला पोर्ट साउंडबारसाठी रिकामा ठेवा. एखाद्या पोर्टवर एसटीबी (सेट-टॉप बॉक्स) लिहिलं असेल तर बॉक्स तिथेच लावा.

लोकमान्यनगर_ताई

जेल रोडवर दीड मीटरची एचडीएमआय दोनशेलाही मिळते आणि दुकानदार दोन हजारांचीही दाखवतो, सोन्याचा मुलामा वगैरे. महाग घेतली तर चित्र खरंच जास्त चांगलं दिसतं का?

पंचाहत्तर_ओहम

नाही ताई, केबलच्या बॉक्ससाठी अजिबात नाही. १०८० ओळींचं ५० हर्ट्झचं चित्र, बॉक्सने एकाआड एक ओळी आळीपाळीने पाठवलेलं (यालाच १०८०आय म्हणतात), सेकंदाला साधारण सव्वादोन गिगाबिट एवढंच असतं. साधी "हाय स्पीड" लिहिलेली वायर १०.२ गिगाबिट झेपवते. वायर कमी पडली तर चित्र पुसट होत नाही. पांढरे ठिपके चमकतात, आडव्या रेघा येतात, किंवा पडदा क्षणभर काळा होतो. यातलं काही दिसत नसेल तर दोनशेची आणि दोन हजारांची वायर अगदी सारखंच चित्र देतात. खोट्या वायरी मात्र टाळा: हातात फारच हलकी लागते, प्लग हलला की चित्र जातं. विकत घेताना प्लग टीव्हीत घट्ट बसतो का आणि वायर वळवल्यावर मूळ आकारात येते का, एवढं पाहा.

४के ६० हर्ट्झचं काही लावायचं असेल, म्हणजे गेमचा डबा किंवा स्ट्रीमिंगची काडी, तर "प्रीमियम हाय स्पीड" घ्या, ती १८ गिगाबिटची असते. केबलला ते लागत नाही.

लांबी पाच मीटरपर्यंत असेल तर निश्चिंत राहा. दहाच्या पुढे गेलात तर ऑप्टिकल एचडीएमआय घेतलेली बरी. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले छापलेलं असतं. उलट लावली तर काहीच दिसत नाही.

माळवा_मास्तर

वायर बदलण्याआधी बॉक्स आणि पॅक तपासा, नाहीतर एचडीएमआय लावूनही निराशा होईल. मागे एचडीएमआय आहे म्हणजे बॉक्स एचडी असतोच असं नाही. काही एसडी, म्हणजे साध्या ५७६ ओळींच्या, बॉक्सनाही ते असतं.

इंदूर केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ ची मुदत. त्या वेळी घरोघरी बसलेले बॉक्स बहुतेक एसडी होते. तेव्हाचा बॉक्स असेल तर एचडीएमआय मिळालं तरी आतून ५७६ ओळीच येणार. रंगांच्या कडा स्वच्छ होतील, ठिपके जातील, पण बारकावा वाढणार नाही. बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर एचडी आणि एमपेग-४ दोन्ही लिहिलेलं पाहा.

बॉक्स एचडी असला तरी चॅनल एचडी घ्यावं लागतं. एकाच चॅनलची एसडी आणि एचडी रूपं एकाच बुकेत (चॅनलांच्या गठ्ठ्यात) घालायला ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या नियमांत मनाई आहे. म्हणजे नेहमीच्या पॅकमध्ये एसडी झी मराठी असेल तर एचडी झी मराठी आपोआप येणार नाही, ते मागावं लागेल. त्याचा नंबरही वेगळा असतो. घरात सवयीने जुना नंबर दाबला जातो आणि एचडीचे पैसे भरूनही एसडीच बघितलं जातं. जुने नंबर फेवरिटमधून काढून एचडीचे टाका.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: टीव्हीवर इन्फो दाबल्यावर १०८० दिसतं ते बॉक्स पाठवतो त्या चित्राचं माप आहे, चॅनलचं नाही. बॉक्स एसडी चॅनलही ताणून १०८० करून पाठवतो. खरं पाहायचं असेल तर क्रिकेट सामना एसडी आणि एचडी दोन्ही नंबरांवर आळीपाळीने लावा आणि धावफलकातली सगळ्यात बारीक अक्षरं बघा. एचडीवर अक्षरांच्या कडा धारदार असतात, एसडीवर अक्षराभोवती धुरकट वलय दिसतं.

बातम्यांच्या मराठी चॅनलांपैकी बहुतेक एसडी आहेत. ४३ इंचावर ते मऊच दिसणार, ती ना बॉक्सची चूक ना वायरीची.

रामबागकर

मास्तर, ओहमदादा, धन्यवाद. स्टिकरवर दोन्ही लिहिलेलं आहे, एचडी पॅकही चालू करून घेतलं. एचडीएमआय लावल्यावर रंग एकदम सुटसुटीत झाले. पण पट्टी अजून कापली जाते, चॅनल बदलताना दोन सेकंद पडदा काळा होतो, आणि बातम्यांची सरकणारी अक्षरं दचकत-दचकत जातात. माणसंही काही चॅनलवर रुंदच आहेत.

पंचाहत्तर_ओहम

चारही गोष्टी सेटिंगमधल्या आहेत, वायर बरोबर आहे.

दचकणारी अक्षरं: बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ निवडलेलं असणार. आपली सगळी चॅनल ५० हर्ट्झची. ५० ला ६० करताना बॉक्स सेकंदाला १० जास्तीची चित्रं भरतो, म्हणून सरकणारी पट्टी नियमित अडखळते. ५० करा. मेनूत १०८०आय/५० असं लिहिलेलं असतं, कधी नुसतं "पाल" असतं.

काळा पडदा: आउटपुट "ऑटो" किंवा "नेटिव्ह" असेल तर एसडी चॅनलला ५७६ आणि एचडीला १०८० जातं. दर वेळी टीव्ही आणि बॉक्स नव्याने ओळख पटवतात, त्यात दोन-तीन सेकंद जातात. एकच ठरवून टाका.

कोणतं ठरवायचं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फुल एचडी किंवा ४के टीव्हीला १०८०आय. आपली एचडी चॅनल त्याच रूपात येतात. अर्ध्या-अर्ध्या ओळी जुळवून पूर्ण चित्र करण्याचं काम बॉक्सपेक्षा टीव्हीतली चिप जवळपास नेहमीच चांगलं करते. १०८०पी (पूर्ण ओळी एकदम) ठेवलं तर ते काम बॉक्सवर पडतं, आणि स्वस्त बॉक्समध्ये चेंडू किंवा धावणाऱ्या खेळाडूच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. ३२ इंची एचडी रेडीवर ७२०पी आणि १०८०आय दोन्ही पाच-पाच मिनिटं लावून बघा. त्याचा पडदा सहसा १३६६ गुणिले ७६८ चा असतो, म्हणजे चित्र कसंही असलं तरी मापात बसवावंच लागतं. ज्यात कडा कमी थरथरतात ते ठेवा.

सेटिंग बदलल्यावर पडदा काळा झाला तर घाबरू नका. बहुतेक बॉक्स दहा-पंधरा सेकंद होकाराची वाट पाहून आपोआप मागे येतात. आले नाहीत तर पिवळी वायर तात्पुरती लावून मेनू गाठा.

पिन_पाना

पट्टी कापली जाण्याबद्दल. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूबच्या काळात कडेची गडबड झाकायला टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलायचे. सपाट टीव्हीला त्याची गरज नाही, तरी पुष्कळ टीव्हींत ते चालू येतं. नुकसान दुहेरी आहे: पट्टी कापली जाते ती एक, आणि प्रत्येक ठिपका ताणला गेल्यामुळे सगळंच चित्र किंचित मऊ होतं ते दुसरं.

सॅमसंगमध्ये पिक्चर साइजखाली "फिट टू स्क्रीन", एलजीमध्ये ॲस्पेक्ट रेशोखाली "जस्ट स्कॅन", सोनीत डिस्प्ले एरिया "फुल पिक्सेल". दुसऱ्या कंपन्यांत "१:१", "डॉट बाय डॉट" किंवा "ओव्हरस्कॅन ऑफ". ही निवड दर इनपुटला वेगळी लक्षात ठेवली जाते, म्हणून बॉक्स ज्या एचडीएमआयवर आहे तो इनपुट चालू असतानाच बदला.

माणसं रुंद दिसतात ती चॅनलं ४:३ ची, म्हणजे जुन्या कमी रुंद मापाची आहेत. बॉक्समध्ये टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा आणि रूपांतर "पिलर बॉक्स" करा. दोन बाजूंना काळे पट्टे येतील, ते येऊ द्या. घरच्यांचा आग्रह असतो की पडदा भरला पाहिजे, पण "फुल" किंवा "झूम" केलं की चेहरे तरी रुंद होतात किंवा डोकी कापली जातात. आणि टीव्ही व बॉक्स दोघांनाही एकाच वेळी झूमवर ठेवू नका, मग काय कुठून ताणलं गेलं ते शोधता येत नाही.

आता टीव्हीचं पिक्चर मोड. दुकानातला "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" काढा आणि "सिनेमा", "मूव्ही" किंवा "स्टँडर्ड" लावा. शार्पनेस १०० पैकी ० ते १० पुरे. जास्त शार्पनेसने बारकावा वाढत नाही, कडेभोवती पांढरी रेघ उमटते आणि एसडी चॅनलचं चित्र दाबताना पडलेल्या चौकटी उठून दिसतात. नॉइज रिडक्शन एचडीवर बंद, एसडीवर "लो". मोशन स्मूदिंग बंद.

काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधाऱ्या दृश्यात सगळं काळ्यात बुडत असेल तर टीव्हीत "एचडीएमआय ब्लॅक लेव्हल" किंवा "आरजीबी रेंज" शोधा. बॉक्स १६ ते २३५ या पट्ट्यात चित्र पाठवतो, म्हणून "लिमिटेड", "लो" किंवा "ऑटो" ठेवा. "फुल" वर राखाडी दिसतं.

लोकमान्यनगर_ताई

पिलर बॉक्सने भिंतीवरच्या एलईडी टीव्हीला काळे पट्टे कायमचे पडतात असं ऐकलं होतं?

पिन_पाना

एलईडी-एलसीडीला नाही, ताई. ओलेड पडद्यावर दिवसचे दिवस एकच स्थिर चित्र राहिलं तर छाप राहू शकते, तिथे चॅनलचा लोगो आणि बातम्यांची पट्टी जास्त त्रास देतात. तुमचा एलईडी असेल तर निश्चिंत.

ग्वाल्हेरचा_वाचक

इकडे छत्री आहे, डीटीएच. दोन टीव्हींना एकाच छत्रीवरून स्प्लिटर लावून देता येईल का? बाजारात केबलचा स्प्लिटर मिळतो तो चालेल?

पंचाहत्तर_ओहम

केबलचा स्प्लिटर चालणार नाही. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेलं असतं, छत्रीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० चा असतो. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून छत्रीच्या एलएनबीला (पुढच्या दांडीवरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि व्होल्टेजवरून कुठल्या दिशेच्या लहरी घ्यायच्या ते ठरतं. दोन बॉक्स एका वायरीवर वेगवेगळे व्होल्ट मागू लागले की एकाची अर्धी चॅनल गायब. दोन तोंडांचा एलएनबी बसवा आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर टाका. एचडीएमआय आणि सेटिंगचं वर लिहिलेलं सगळं डीटीएचलाही लागू आहे.

पिन_पाना

रामबागकर, आता अटकणं आणि चौकटी. ही एचडीएमआयची बाजू नाही, बॉक्सच्या आत येणाऱ्या केबलची आहे. डिजिटलमध्ये सिग्नल हळूहळू खराब होताना दिसत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र पूर्ण स्वच्छ असतं आणि त्याखाली एकदम फुटतं. म्हणून "काल तर छान होतं" हे खरं असतं आणि तरीही लाइन महिनाभर काठावरच असू शकते.

बॉक्सच्या मेनूत सिग्नल किंवा डायग्नोस्टिकचं पान असतं. ज्या चॅनलवर फुटतं त्या चॅनलवर असतानाच ते उघडा. लेव्हल, म्हणजे सिग्नलची ताकद, साधारण ५५ ते ७० डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये असावी. एमईआर किंवा एसएनआर नावाचा आकडा, म्हणजे सिग्नलची स्वच्छता, जास्त महत्त्वाचा: ६४ क्वामवर ३० च्या वर हवा, २५६ क्वामवर ३४ च्या वर (क्वाम म्हणजे केबलवर डिजिटल चॅनल पाठवायची पद्धत). लेव्हल भरपूर आणि एमईआर कमी, असं दिसलं तर सिग्नल कमी नाही, घाण झालेला आहे. अशा वेळी घरात ॲम्प्लिफायर लावणं म्हणजे घाणही वाढवणं. लेव्हल ७५ च्या वर गेली तरी बॉक्स गोंधळतो, तेव्हा उलट ६ किंवा १० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावावा लागतो.

तुमच्या लाइनचा हिशेब करा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक बाजूला ३.५ ते ४ डीबी खातो. एकामागे एक दोन लावले तर शेवटच्या टीव्हीला ८ गेले. आरजी-६ ही केबलची जाड वायर वरच्या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरमागे साधारण २० डीबी खाते, बारीक आरजी-५९ त्याहून जास्त. गच्चीवरून तीन खोल्यांत नेताना एकच तीन तोंडांचा स्प्लिटर मध्यावर बसवा, साखळी करू नका. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावा, नाहीतर तिथून सिग्नल आपटून परत येतो.

ठरावीक चॅनलच फुटत असतील तर कारण बहुतेक फ्रिक्वेन्सीचं असतं. एका फ्रिक्वेन्सीवर दहा-वीस चॅनल एकत्र येतात, ती सगळी एकदम बिघडतात. वरच्या फ्रिक्वेन्सीची बिघडत असतील तर वायर बारीक किंवा स्प्लिटर जुना. केबलचा पट्टा ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ७०० च्या आसपास मोबाइलचं ५जीही चालतं. वायर कुठे सोलून पिळून जोडलेली असेल किंवा पिन सैल असेल तर तो सिग्नल आत शिरतो. फोन बॉक्सशेजारी ठेवून कॉल लावला की चित्र फुटतं का, एवढी चाचणी करा.

आता पिन. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं, म्हणून सविस्तर लिहितो. आरजी-६ ला आरजी-६ चीच पिन, आरजी-५९ ची बळेच बसवायची नाही. बाहेरचं काळं आवरण १२ ते १३ मिलिमीटर सोला. जाळी उलटी मागे दुमडा, आतल्या चंदेरी पन्नीला हात लावू नका. पांढरा फोम साधारण ६ ते ७ मिलिमीटर कापून मधली तार मोकळी करा. ब्लेड तारेला टेकवायचं नाही, चरा पडला की तार पुढे तुटते. आता पिन दाबत-फिरवत बसवा, आत डोकावून पाहा: पांढरा फोम पिनच्या तळाशी सपाट आलेला दिसला पाहिजे. मधली तार पिनच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिलिमीटर. कमी असेल तर बॉक्समध्ये टेकत नाही, जास्त असेल तर बॉक्सचा सॉकेट आतून फाकतो आणि पुढे कुठलीच पिन नीट बसत नाही.

बसवल्यावर उजेडात धरून बघा. जाळीचा केसाएवढा एक धागा पुढे येऊन मधल्या तारेला टेकला असेल तर तेवढ्याने सिग्नल निम्मा-शिम्मा होतो, कधी पूर्ण जातो. तो चिमट्याने काढा.

हाताने फिरवायची पिन काही महिन्यांत सैल होते. कॉम्प्रेशनची, म्हणजे हत्याराने दाबून बसवायची, पिन घ्या, तिचं हत्यार महारानी रोडवर मिळतं. तीन टीव्हींसाठी सहा-आठ पिना लागतील, हत्यार घ्यायचं नसेल तर केबलवाल्याकडूनच कॉम्प्रेशनच्या पिना बसवून घ्या. गच्चीवरची पिन उघडी ठेवायची नाही: आधी सेल्फ-बाँडिंग रबर टेप, वर काळी टेप. वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून गळून पडेल. एकदा पाणी जाळीत शिरलं की ते वायरीच्या आत मीटरभर चढतं. पिन उघडल्यावर जाळी काळपट किंवा हिरवट दिसली तर ताजी चंदेरी जाळी लागेपर्यंत वायर कापा.

माळवा_मास्तर

पान्याची पोस्ट सगळ्यांनी जपून ठेवा. त्यात एकच भर: जूनमध्ये आपल्याकडे पहिला पाऊस विजा घेऊनच येतो. नुसता प्लग काढून भागत नाही, केबलची पिनही बॉक्समधून सोडवा. गच्चीवरून येणाऱ्या जाळीतून झटका बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत जातो. स्टॅबिलायझर त्या वाटेवर नसतो.

रामबागकर

५० हर्ट्झ आणि १०८०आय करताच अक्षरं गुळगुळीत सरकू लागली, काळा पडदाही गेला. जस्ट स्कॅन सापडलं, पूर्ण पट्टी दिसते. गच्चीवर खरोखर दोन स्प्लिटर साखळीत आहेत, त्यातला एक गंजलेला. सिग्नलच्या पानावर वरच्या मजल्यावर लेव्हल ४८ आणि एमईआर २६ दाखवतंय.

आता वरचा जुना टीव्ही. त्याला एचडीएमआय नाही. आणि ३२ इंचीला पिवळं भोक नाही, नुसतं एव्ही लिहिलेलं हेडफोनसारखं एक छिद्र आहे. त्याला एचडीएमआय दोनच आहेत आणि एकात स्ट्रीमिंगची काडी आहे, दुसऱ्यात डीव्हीडी.

पंचाहत्तर_ओहम

डीव्हीडी त्या एव्हीवर हलवा, बॉक्सला एचडीएमआय द्या. डीव्हीडी तशीही ५७६ ओळींची, तिचं नुकसान कमी.

त्या छिद्राला ३.५ मिलिमीटरची चार पट्ट्यांची वायर लागते, तीन पट्ट्यांची हेडफोनची नाही. पट्ट्यांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. टीव्हीसोबत आलेलीच वायर वापरा. हरवली असेल आणि बाजारची लावल्यावर चित्र न येता स्पीकरमधून घरघर आली, तर पिवळ्याचं चित्र आवाजाच्या तारेत जात आहे. मागचे तीन प्लग अदलाबदल करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने जमतं. ग्राउंडची पट्टीच वेगळ्या जागी असेल तर मात्र वायर बदलावी लागते.

टीव्हीवर हिरवं-निळं-लाल असे तीन सॉकेट असतील आणि पिवळं हिरव्यातच लावायची सोय असेल, तर इनपुट "एव्ही" निवडा. "कंपोनंट" निवडलं की चित्र काळं-पांढरं येतं आणि लोक वायर खराब समजून फेकून देतात. काळ्या-पांढऱ्याचं दुसरं कारण टीव्हीची रंगपद्धत एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर असणं, ती पाल करा.

ट्यूबवाल्या टीव्हीला बॉक्सची पिवळी-लाल-पांढरीच योग्य. टीव्हीला एस-व्हिडिओ आणि बॉक्सलाही असेल तर पिवळीऐवजी ते लावा, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून जातात. बॉक्स ४:३ वर आणि "लेटर बॉक्स" (वर-खाली काळे पट्टे) करा. पुढे बॉक्स बदलला आणि नव्याला फक्त एचडीएमआय असेल तर "एचडीएमआय टू एव्ही" कन्व्हर्टर घ्या. नाव नीट वाचा, त्याच आकाराचा उलट दिशेचा "एव्ही टू एचडीएमआय"ही शेजारीच ठेवलेला असतो. त्यावरचं बटण पालवर ठेवा आणि ५ व्होल्टचा यूएसबी पुरवठा द्या, नाहीतर चित्र येऊन जाऊन राहील.

उलट दिशेचा डबा लावला की जुनी पिवळी वायर एचडी होईल, असं कुणी सांगितलं तर पैसे घालू नका. वायरीत गेलेला बारकावा पुढचा डबा परत आणू शकत नाही.

लोकमान्यनगर_ताई

एचडीएमआय लावल्यावर चित्र छान आलं पण काही एचडी चॅनलवर आवाजच नाही. एसडीवर येतो.

पिन_पाना

बॉक्सचा ऑडिओ "डॉल्बी" किंवा "बिटस्ट्रीम" वर असेल आणि तुमच्या टीव्हीला तो उलगडता येत नसेल. ऑडिओ आउटपुट "पीसीएम" (साधा, आधीच उलगडलेला आवाज) करा. साउंडबार एआरसीवर असेल आणि आवाज ओठांच्या मागे राहत असेल तर बारचा ऑडिओ डिले शून्यावर आणा.

रामबागकर

स्प्लिटर बदलून एकच तीन तोंडांचा बसवला, पिना कॉम्प्रेशनच्या करून घेतल्या. वरच्या मजल्यावर लेव्हल ५७, एमईआर ३५. अटकणं थांबलं. शेवटचं विचारतो: टीव्ही भिंतीवर टांगला आहे, बॉक्स खाली कपाटात ठेवायचा आहे. वायर भिंतीतल्या पाइपातून न्यायची आहे, गवंडी उद्या येतोय.

पिन_पाना

गवंड्याला किमान ३२ मिलिमीटरचा पाइप टाकायला सांगा. एचडीएमआयचा प्लग आवरणासकट वीस-एकवीस मिलिमीटर रुंद असतो, २० च्या पाइपातून जातच नाही आणि २५ च्या पाइपात वळणावर अडकतो. काटकोनी एल्बो लावू देऊ नका, लांब वळणाचा बेंड हवा. विजेच्या वायरी वेगळ्या पाइपातून. आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा, उद्या वायर बदलायची झाली तर तिलाच बांधून ओढता येईल. टीव्ही आणि भिंतीत जागा कमी असेल तर काटकोनी एचडीएमआय जोड मिळतो, पण त्याचे दोन प्रकार असतात, एक वर वळणारा, एक खाली. पोर्ट कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते टीव्ही टांगण्याआधी फोटो काढून ठेवा.

कपाटात बॉक्सच्या वर आणि दोन्ही बाजूंना चार बोटं मोकळी ठेवा, मागचं पल्लं जाळीचं करा. बॉक्स तापला की उन्हाळ्यात दुपारी अटकायला लागतो आणि दोष पुन्हा केबलवर जातो. दार लाकडी असेल तर रिमोटसाठी बॉक्ससमोर काच किंवा जाळी हवी, नाहीतर इन्फ्रारेडची एक्स्टेन्शन वायर टाका. तिच्यासाठी त्याच पाइपात जागा राहील.